हात दाखवा, बेन

श्रोतेहो, नमस्कार.

शेतावर राबणाऱ्या गरोदर बाईच्या अंगात कीटकनाशक किती गेलं, हे मोजायचं कसं? आज मला दिलेला विषय हा. ३१ वर्षं मी प्रयोगशाळेत काढली. बाटल्या, नळ्या, फ्रीजर, एवढंच माझं जग. त्यामुळे मोजणं मला येतं असं मी समजत होते. मग इंदूरजवळ देपालपूरच्या बाजूला एका घराच्या अंगणात, स्पिरिटच्या एका बोळ्यानं, माझा तो समज पुसून काढला. ती गोष्ट मला सांगायचीच आहे, आणि ती वेळ खाणार आहे. म्हणून आधी पुस्तकातलं भराभर उरकते.

शेतातलं औषध अंगात तीन वाटांनी शिरतं. कातडीतून, श्वासातून आणि तोंडावाटे. मजूर बायांच्या बाबतीत मोठी वाट बहुतेक वेळा कातडीची. नाकाला पदर बांधला की झालं, असं आपल्याला वाटतं. पण कमरेएवढ्या ओल्या पिकातून निंदणी करत सरकणारी बाई नाकानं कमी घेते, हातापायांनी जास्त घेते. हे ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे. मोठी वाट कातडीची.

आता बघा, मीसुद्धा औषधच म्हणाले. पिकाला आपण औषध मारतो, हिंदीत दवाई छिडकतात. माझा या शब्दावर जुना राग आहे. भोपाळ आपल्या इंदूरपासून २०० किलोमीटरच्या आत. १९८४ च्या डिसेंबरात तिथे सुटलेला मिथाइल आयसोसायनेट वायू कशासाठी साठवला होता? कार्बारिल नावाचं कीटकनाशक बनवायला. तरी आपण औषधच म्हणतो. आणि विदर्भातल्या बातमीत कुणी ‘औषध प्यायला’ असं आलं की त्याचा अर्थ काय, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. असो, मूळ मुद्द्यावर येते.

क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, मोनोक्रोटोफॉस ही सगळी एका घराण्यातली, ऑरगॅनोफॉस्फेट. शरीर त्यांचे तुकडे करतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. या तुकड्यांना डायअल्किल फॉस्फेट म्हणतात, त्यांचे सहा प्रकार मोजतात. ते सहा सापडले की समजायचं, या घराण्यातलं काहीतरी अंगात येऊन गेलं. गोम अशी की हे पाहुणे मुक्कामाला राहत नाहीत. क्लोरपायरीफॉसच्या तुकड्यातला निम्मा साधारण दिवसाभरात निघून जातो. फवारणी शुक्रवारी झाली आणि आम्ही बाटली घेऊन पोचलो पुढच्या बुधवारी, तर बाटलीत फारसं काही उरलेलं नसतं. लघवी म्हणजे कालचं वर्तमानपत्र, श्रोतेहो. गेल्या महिन्यातली बातमी त्यात शोधायची नाही. म्हणून एका बाटलीवर भागत नाही, नऊ महिन्यांत पुन्हा पुन्हा घ्यावी लागते. पुन्हा सांगते, एका बाटलीवर भागत नाही.

शिवाय पाण्याचा घोळ. वरणात दोन वाट्या पाणी वाढलं की मीठ तेवढंच असूनही वरण अळणी लागतं, तसंच हे. उन्हात राबलेल्या बाईची लघवी गडद असते, तांब्याभर पाणी प्यायली की पातळ होते. म्हणून सोबत क्रिएटिनिन, म्हणजे शरीर रोज साधारण सारखाच बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ, मोजायचं आणि त्याच्या हिशेबानं आकडा बसवायचा. गरोदरपणात हाही हिशेब हलतो, कारण मूत्रपिंडं एरवीच्या जवळजवळ दीडपट गाळत असतात. हे घराणं रक्तातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या एन्झाइमला दाबतं, म्हणून ते बघावं, तर रक्तद्रवातलं कोलिनेस्टरेज पोटुशीपणात आपसूकच उतरतं. कमी दिसलं तर दोष विषाचा की दिवस गेल्याचा? म्हणून त्या बाईची तुलना शेजारणीशी करायची नाही, तिच्याच जुन्या आकड्याशी करायची. तो जुना आकडा आपल्याकडे कुणी काढून ठेवलेला नसतो.

कॅलिफोर्नियात सलिनास नावाचं खोरं आहे, कोबी-सॅलड-स्ट्रॉबेरीचं. तिथे १९९९-२००० साली ६०१ गरोदर बायांची नोंद झाली, बहुतेक मेक्सिकोहून आलेल्या मजूर घरांतल्या. बर्कली विद्यापीठाच्या ब्रेंडा एस्केनाझी यांनी हे काम उभं केलं. नाव ‘चामाकोस’, म्हणजे तिकडच्या बोलीत चिल्लीपिल्ली. गरोदरपणात दोनदा लघवी घेतली, तेच सहा तुकडे मोजले, आणि मग मुलं वाढताना वर्षानुवर्षं पाहिली. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आला. ज्यांच्या आयांमध्ये प्रमाण सर्वांत जास्त होतं त्या पाचव्या हिश्श्यातली मुलं सातव्या वर्षी बुद्ध्यंकात सर्वांत कमी प्रमाणवाल्यांच्या सरासरी ७ गुण मागे. सात गुण.

एवढं सांगून झालं की टाळ्या पडतात आणि पहिला हात वर येतो. प्रश्न ठरलेला असतो, ‘मग मॅडम, भाजी कशी धुवायची?’ तुम्हाला ठाऊक आहे हो भाजी कशी धुवायची! मिठाच्या पाण्यात मेथी बुडवणं मी इथे शिकवणार नाही. जिच्या हातांनी ती मेथी उपटली, तिनं हात कशानं धुतले, हे मात्र आजवर एकाही सभेत कुणी विचारलेलं नाही.

आता गोष्ट.

सात-आठ वर्षं झाली. जूनचा शेवट. माझी एक डॉक्टर मैत्रीण गावागावांत जाऊन गरोदर मजूर बायांना तपासायची. लघवीचे नमुने नीट घेणारं कुणीतरी हवं म्हणून तिनं मला जीपमध्ये घातलं. पहाटे राजवाड्याशी पोहे खाल्ले. पोह्यांवर जीरावण मला भरपूर लागतं, आणि त्यासाठी पाच मिनिटं उशीर झाला तरी चालतो, असं माझं मत आहे. मग बर्फाची पेटी मांडीवर घेऊन निघालो. चांगला चार इंच पाऊस होऊन गेलेला, वाफसा आलेला, सगळ्या माळव्यात सोयाबीनच्या पेऱ्याची घाई. अशा दिवशी घरी बाई सापडणं कठीण. एक सापडली. पाचवा महिना. अंगणात ताडपत्रीशेजारी बसली होती. तिचं नाव सांगत नाही, आपण तिला बेनच म्हणू, म्हणजे बहीण.

डॉक्टरीणबाईंकडे छापील प्रश्नावली होती. चांगली होती, कुठल्यातरी परदेशी नमुन्यावरून हिंदीत आणलेली. आमच्या सोबतच्या पोरानं वाचायला सुरुवात केली, ‘दवाई का काम करती हो?’ बेननं मान डोलावली, आत गेली आणि लोहाच्या लाल गोळ्यांची पट्टी घेऊन आली. ‘रोज लूँ हूँ,’ म्हणाली. पट्टी अर्धी रिकामी होती, म्हणजे खरंच घेत होती. पोरगं हसलं. मी त्याच्यावर डोळे वटारले, कारण चूक तिची नव्हती, आमच्या शब्दाची होती.

मग त्यानं सुधारून विचारलं. पंपानं फवारणी करतेस का? ती पदराआडून म्हणाली, ‘म्हने तो पंप के हाथ भी नी लगायो.’ पंपाला तिनं हातसुद्धा लावला नव्हता. गेल्या सात दिवसांत फवारलेल्या शेतात गेलीस? नाही. फवारणीचे कपडे धुतेस? नाही, अजून फवारणी सुरूच कुठे झालीय, आत्ता तर पेरा चाललाय. खरंच होतं. पोरानं तीन ‘नाही’ लिहिले, रेघ मारली. मी तिला बाटली दिली, तिनं आणून दिली, मी नंबर घातला, बर्फात ठेवली. काम संपलं.

आता फक्त हिमोग्लोबिनसाठी बोट टोचायचं होतं. मी तिचा डावा हात हातात घेतला. तळवा गुलाबी. नुसता गुलाबी नाही, रेषारेषांत गडद, नखांच्या कडांना तर जवळजवळ लाल. मी कौतुकानं म्हटलं, ‘मेंदी छान रंगलीय. माहेरी गेली होतीस का?’ तिची सासू ओट्यावरून खो खो हसली. बेन म्हणाली, ‘या मेंदी नी है, बेन. बीज को रंग है.’

मी स्पिरिटच्या कापसानं तिचं बोट पुसलं. कापूस गुलाबी झाला. दुसरा बोळा घेतला. गुलाबी. तिसरा. फिका, पण गुलाबीच. चौथ्या बोळ्यानंतर मी पुसायचं थांबवलं आणि ताडपत्रीकडे पाहिलं. तिच्यावर सोयाबीनचं बी पसरलं होतं, चकचकीत गुलाबी, बडीशेपेच्या रंगीत गोळ्यांसारखं. मळल्या कणकेला तेल लावावं तसं तिनं सकाळपासून ते दोन्ही हातांनी खालीवर करून औषधात घोळवलं होतं. दोन पोती झाली होती, तिसरं चाललं होतं. हातमोजे? जूनच्या त्या उकाड्यात, माळव्यातल्या अंगणात? हातमोज्यांची चित्रं छापणाऱ्यांनी एकदा तरी ते घालून दोन पोती बी घोळवून दाखवावं.

बाटली कुठाय म्हणून विचारलं. सासूबाई आत गेल्या आणि घेऊन आल्या. रिकामी करून विसळलेली, आणि तिच्यात घासलेट भरलेलं. लेबल अजून शाबूत. थायामेथोक्झाम ३० एफएस. ही सोयाबीनच्या बियाण्याला लावायची शिफारस झालेली गोष्ट, किलोला १० मिली. पिवळा मोझॅक हा रोग पसरवणारी पांढरी माशी आणि खोडमाशी आवरायला. काम चोख करते, शेतकऱ्याचा यात काही गुन्हा नाही. आणि रंग मुद्दाम घालतात, हे प्रक्रिया केलेलं बी आहे, खाऊ नका, एवढं कळावं म्हणून.

हे सगळं होईपर्यंत बेननं लोट्यातल्या पाण्यानं हात विसळले, फडक्यातली भाकर काढली, हिरव्या मिरचीबरोबर खायला बसली. आमच्यासमोर. भाकरीच्या कडेला गुलाबी बोट उमटलेलं मी पाहिलं. तोंडावाटे जाणारी वाट ती हीच. आणि कातडीची मोठी वाट तर सकाळपासून उघडीच होती.

आठवड्यानं तपासणीचा कागद आला. सहांपैकी पाच तुकडे सापडलेच नाहीत, सहावा नाममात्र. तीन वेळा ‘नाही’, आणि लघवी स्वच्छ. कागदावर ती त्या गावातली सगळ्यात सुखरूप बाई.

कारण? आम्ही शोधत होतो ऑरगॅनोफॉस्फेटचे तुकडे, आणि तिच्या हाताला होतं निओनिकोटिनॉइड. घराणंच वेगळं. त्याचा डायअल्किल फॉस्फेट होतच नाही. यंत्र बरोबर होतं, बर्फ बरोबर होता, क्रिएटिनिनचा हिशेब बरोबर होता. साळ्याच्या घरी जाऊन माळ्याचा पत्ता विचारला, तर तो ‘इथे नाही’ म्हणणारच. पुन्हा सांगते, यंत्राला जे घराणं शोधायला सांगाल तेवढंच ते शोधतं. थायामेथोक्झाम लघवीत मोजता येतं, त्याच्यापासून शरीरात बनणारं क्लोथियानिडिनही मोजता येतं. पण ते मोजायचं असं आधी कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ठरवायला आधी कुणीतरी अंगणात बसावं लागतं.

माझी मैत्रीण फार बोलणारी नाही. तिनं दुसऱ्या गावाला जाताना जीपमध्येच उरलेल्या सगळ्या प्रश्नावल्यांच्या डोक्यावर, पहिल्या प्रश्नाच्याही वर, लाल पेनानं लिहिलं, ‘हात दाखवा.’ हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते आम्ही मुद्दाम करून घेतलं. पुढच्या गावात एका बाईचे हात कोरडे, भेगाळलेले. दुसरीचे पिवळे निघाले, मी घाबरले, तर ती नुसती हळद होती.

आता वेळ थोडा उरलाय, तर एक गंमत सांगते. २०१४ पासून सिलिकॉनच्या मनगटी पट्ट्यांनी मोजायचा मार्ग रूढ होऊ लागलाय. अमेरिकेत ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या मंडळींनी तो आणला. साधी रबरी बांगडीच म्हणा ना. आठवडाभर हातात घालायची, हवेतली आणि हाताला लागलेली रसायनं ती शोषते, मग प्रयोगशाळेत ती पिळून काढायची. अंगात किती गेलं ते ती सांगत नाही, बाईच्या आसपास काय काय होतं ते सांगते. मात्र एकाच घराण्याचा हट्ट न धरता शेकडो रसायनं एकदम बघता येतात, सुई नाही, बाटली नाही, सासूची परवानगी नाही. आपल्याकडे डोहाळजेवणाला हिरव्या बांगड्या भरतातच. त्यात एक जास्त झाली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. आमच्या वेळी ही बांगडी हाताशी असती तर, असं मला फार वाटतं.

बियाणं घोळवायचं असेल तर फिरवायचा ड्रम मिळतो, तो चारपाच घरांत मिळून घ्यावा, आणि पोटुशी सून असेल तिला त्या दिवशी ताडपत्रीवर बसवू नये. रिकामी बाटली ठेचून टाकावी, घासलेट भरू नये. आमचं इंदूर २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं आलं, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. काही कोसांवरच्या अंगणातली ती बाटली कुठल्या डब्यात जाते, ते कुणीतरी सांगावं.

हं, आणि तो कापूस. चार गुलाबी बोळे मी एका रिकाम्या बाटलीत घालून आणले होते. कार्यपद्धतीत ते नव्हते, त्यामुळे त्यांना नंबर नव्हता. उणे २० अंशांच्या फ्रीजरच्या तळाशी ते बरीच वर्षं पडून राहिले. मी निवृत्त होताना फ्रीजर साफ करायला काढला तेव्हा हाताशी आले, रंग तसाच. बिननंबरची बाटली म्हणजे नमुना नव्हे, ती टाकून द्यायची, हा नियम तिथल्या प्रत्येक पोराला मीच शिकवलेला. दोन पोरं बाजूला उभी होती. मी ती बाटली टाकून दिली.

नमस्कार.