चुकारा कोणाच्या खिशातून?

(वरूड तालुक्यातल्या संत्रा बागायतदारांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, मघाशी मागून एका भाऊनं विचारलं, "ॲपवाल्याचा माल त रोज खपत होता, मग पैसा संपला कसा गा?" प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे दुकान बसतं ते गिऱ्हाईक नसलं की. तुमच्या बांधावरून माल घेऊन ॲपवर घरपोच विकणाऱ्या या कंपन्या भर गिऱ्हाइकीत बसतात.

समजा, किलोभर संत्री शहरात घरपोच द्यायला माल, पॅकिंग, पोरांचा पगार, पेट्रोल धरून कंपनीला शंभर रुपये लागतात आणि सवलतीमुळे गिऱ्हाईक ऐंशीच देतं. वरचे वीस गुंतवणूकदाराचे. हजार ऑर्डरींना वीस हजार, लाखाला वीस लाख. म्हणजे धंदा जितका वाढेल तितका खड्डा मोठा. लोकांना सवय लागली की सवलत काढू, तोवर गुंतवणुकीचा पुढचा हप्ता येईल, असा सगळा भरवसा. आणि तो हप्ता कसा? बहार झाडावर असताना व्यापारी इसार देऊन जातो, बाकीचे तोडीच्या वेळी देईन म्हणतो. मधात भाव पडला की फोनही उचलत नाही. तसा.

हा भाव पडला अमेरिकेत. तिथल्या मध्यवर्ती बँकेनं मार्च 2022 पासून व्याजदर जवळपास शून्यावरून वाढवत नेले, जुलै 2023 पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर. सरकारी रोख्यातच एवढं सुटू लागल्यावर तोट्यातल्या ॲपमध्ये पैसा घालायला लोक कचरू लागले. बंगळुरूची डंझो पाहा, घरपोच सामान देणारी कंपनी. 2017 साली तिच्यात गूगलनं पैसा घातला, जानेवारी 2022 मध्ये रिलायन्स रिटेलनं 20 कोटी डॉलर. 2023 मध्ये नोकरदारांचे पगार रखडले आणि जानेवारी 2025 मध्ये ॲपच बंद पडलं. तेव्हा "आमच्यामागं मोठी पार्टी आहे" हे कोणी सांगितलं, तर चहा पाजा, उधारी देऊ नका.

मी या कंपन्यांच्या विरोधात नाही. आडत नाही, काटा चोख, भावही पुष्कळदा बरा. पण 2016 साली राज्य सरकारनं फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला. बांधावर माल विकायची मोकळीक झाली, ती चांगलीच झाली; मात्र आडत्यानं चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, दाबला तर समितीत जाऊन त्याच्या परवान्यावर बोट ठेवता येतं, ती सोय बांधावरच्या सौद्याला राहिली नाही.

मग कंपनी बुडाली तर जायचं कुठं? 2016 चाच दिवाळखोरीचा कायदा आहे. त्यात रांग ठरलेली. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची देणी आणि तारण घेऊन बसलेली बँक, दोघं बरोबरीनं. मग इतर नोकरदार, मग बिनतारणी कर्ज देणारे, मग सरकारी कर. त्यानंतर उरलेली देणी, आणि त्यात तुमचा माल. तुमच्यामागं फक्त भागधारक. ज्या कंपनीकडं गोदाम भाड्याचं, गाड्या भाड्याच्या, तिथं या रांगेच्या शेपटापर्यंत काय पोचणार? आणि मार्च 2020 पासून थकबाकी किमान एक कोटी असल्याशिवाय कंपनीला या कायद्याखाली ओढायचा अर्जच करता येत नाही. दोन-अडीच लाखांच्या चुकाऱ्यासाठी तो दरवाजा बंदच समजा. दिवाणी दावा राहतो. तो किती वर्षं चालतो ते तुम्हाला सांगायला नको.

म्हणून गाडी भरायच्या आधीच बोला. पहिल्या तोडीचा चुकारा खात्यात आल्याशिवाय दुसरी तोड नाही. "पुढच्या महिन्यात फंडिंग येत आहे, सगळं एकदम देतो" असं खरेदीवाला पोरगा म्हणाला, की त्याच दिवशी दुसरा व्यापारी पाहा. त्या पोराचा राग करू नका, त्याचाही पगार बहुधा थकलेलाच असतो.

आणि दुसऱ्या कोणी कंपनीला दिवाळखोरीत ओढलंच, तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, एक इंग्रजी पेपरात, एक मराठीत. तिच्यातल्या मुदतीत दावा पाठवायचा असतो. तिथं सातबारा कामाचा नाही. काट्याची पावती, गाडी नंबर, बँकेचं स्टेटमेंट आणि भाव ठरल्याचे व्हॉट्सॲपवरचे मेसेज लागतात. मोबाईल बदलताना ते पुसू नका.