कातडीआडची कॉइल

(दृश्य: आई चार वर्षांच्या मुलीची वेणी घालते आहे. आवाज नाही.)

वेणी झाली. आता कानामागची चकती. आई ती केसांजवळ नेते, आणि बोटांतून सुटून ती आपोआप डोक्याला चिकटते. टक्.

(इथून आवाज सुरू: पंखा, कुकरची शिट्टी.)

ही कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे श्रवणनसेला विजेचे झटके देऊन ऐकवणाऱ्या यंत्राची, बाहेरची कॉइल. कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं. जोडीची दुसरी कॉइल कातडीखाली, कवटीच्या हाडावर. मध्ये काही मिलिमीटर कातडी. तिच्यातून एकही तार गेलेली नाही. दोन्हीकडच्या लोहचुंबकांनी कॉइल समोरासमोर धरून ठेवल्यात. आतल्या यंत्राला स्वतःची बॅटरीही नाही. चकती निघाली, की आत सगळं ठप्प.

तशी सुरुवात बिनतारीच होती. १९५७ मध्ये पॅरिसला आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिएस यांनी एका बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणनसेपाशी इलेक्ट्रोड, म्हणजे वीज पोचवणारं टोक, बसवलं, कॉइल कातडीखाली ठेवली. रुग्णाला रातकिडे किरकिरल्यासारखं ऐकू आलं. पण यंत्र काही महिन्यांत बिघडलं. १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला विल्यम हाउस यांनी तार कातडीतून बाहेर काढून पाहिली. जंतुसंसर्गाच्या भीतीनं ती काढून टाकावी लागली. तारेला वाट दिली, की ती जंतूंनाही मोकळीच. १९७८ मध्ये मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी बसवलेलं यंत्र पुन्हा बिनतारी होतं.

(दृश्य: इंडक्शन शेगडी, वर पातेलं.)

तत्त्व या शेगडीचंच. काचेखाली कॉइल, वरच्या पातेल्यात वीज खेळते. फक्त इथं पातेलं तापून चालत नाही. शरीरातल्या यंत्राचा पृष्ठभाग शरीरापेक्षा दोन अंश सेल्सिअसहून जास्त तापू नये, असा दंडक आहे.

काही यंत्रांत बाहेरच्या कॉइलमधली विजेची लहर सेकंदाला ५० लाख वेळा हेलकावते. तीच लहर ठरावीक तालात चालू-बंद केली, की विजेबरोबर निरोपही जातो: कानातल्या २२ पैकी कोणता इलेक्ट्रोड, किती करंट, किती वेळ. आतूनही उत्तर येतं. आतली कॉइल आपला भार कमी-जास्त करते आणि बाहेरच्या कॉइलला तो कळतो. विहिरीत घागर भरली की हातातल्या दोराला कळतं, तसं.

कानात निरोप मुख्यतः आत जातो. मेंदूतल्या इम्प्लांटचं उलटं, तिथं मेंदूतले संकेत टिपून बाहेर आणायचं फार. २०२४ मध्ये न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीनं माणसाच्या मेंदूत बसवलेल्या यंत्राला १०२४ इलेक्ट्रोड आहेत. प्रत्येकाचं सेकंदाला २० हजार वेळा मोजमाप धरलं, तर दर सेकंदाला दोन कोटींवर आकडे. एवढं ब्लूटूथवरून जात नाही. मग कामाचं तेवढं चिपनं आतच निवडायचं. त्या यंत्रात बॅटरी आहे, पण चार्जिंग कातडीतूनच.

(दृश्य: रात्र. बाहेर पाऊस.)

आई चकती आणि तिला जोडलेला, आवाज टिपणारा प्रोसेसर काढून डब्यात ठेवते, ओल शोषणाऱ्या पुडीशेजारी. पावसाळ्यात हे चुकवून चालत नाही. दिवसा मात्र चकती कधी फ्रिजला चिकटलेली सापडते, तर कधी, आईनं रागवायला सुरुवात केली रे केली, की मुलगीच ती हळूच काढून हातात धरते.