दालचिनीचे तारे, लवंगांची संत्री

(चाळणीतून पडणारी पूड, अगदी जवळून. सुरुवातीला निवेदन नाही. चाळणीचा आवाज राहू द्यावा.)

ही दालचिनी. इतकी बारीक, की खिडकीतल्या उजेडात तिचा धूर दिसतो. नाताळच्या झाडावर टांगायचे तारे हिचेच होणार आहेत. हिच्या जोडीला हवा फक्त शिजवलेल्या सफरचंदाचा गर. मैदा नको, मीठ नको, रंगही नको.

वाटीभर दालचिनीला साधारण पाऊण वाटी गर पुरतो. तो सैल असेल तर आधी मंद आचेवर आटवायचा.

आता हातांकडे बघा. सुरुवातीला नुसता भुगाच दिसतो, काही केल्या मिळून येत नाही. मळत राहिलं की एकदम गोळा होतो. सफरचंदात पेक्टिन असतं, जॅमला घट्टपणा देणारं तेच. शिवाय दालचिनीची पूड भिजली की तिला स्वतःचा बुळबुळीत चिकटा सुटतो. एवढ्या दोन गोष्टींवर सगळं धरून राहतं. बळकटी यावी म्हणून काही जण यात पांढरा गोंद मिसळतात. आम्ही मिसळला नाही, आणि मिसळू नये असंच म्हणू.

(सालींचं दृश्य: डावीकडे जाड, उजवीकडे पातळ.)

डावीकडची जाड, एकेरी वळलेली साल म्हणजे कॅसिया. उजवीकडे कागदासारखे पापुद्रे एकात एक गुंडाळलेले दिसतात, ती श्रीलंकेची दालचिनी. दोन्हींचा ओळखीचा वास येतो सिनमाल्डिहाइड या सुगंधी घटकामुळे, पण कॅसियाचा दर्प ठसठशीत असतो. पातळ सालीची नाजूक दालचिनी स्वयंपाकघरातच शोभते. ताऱ्यांना स्वस्तातली कॅसियाच बरी.

गोळा लाटताना खाली पीठ भुरभुरायचं नाही, दालचिनीच भुरभुरायची. पिठाचे पांढरे डाग वाळल्यावरही जात नाहीत. जाडी ६ मिलिमीटरच्या आसपास. याहून पातळ लाटलं तर कडा वाकतात, जाड ठेवलं तर आतला ओलावा निघत नाही. साचा दाबला, स्ट्रॉने भोक पाडलं. भोक जरा मोठंच हवं, कारण वाळताना सगळंच आक्रसतं.

(साचा उचलला जातो. तारा. दुसरा तारा. इथे थोडं थांबावं.)

झाडाला सुगंधी वस्तू टांगणं ही नवी टूम नाही. स्ट्रासबर्गमधली १६०५ सालची नोंद सांगते, की तिथले लोक घरात फरची झाडं उभी करून त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ बिस्किटं, सोनेरी वर्ख आणि मिठाई टांगत. म्हणजे झाडावरचं निम्मं सामान खायचंच होतं. घरभर कसा वास सुटत असेल! पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या लाउशा गावच्या कारागिरांनी काच फुंकून झाडासाठी गोळे घडवले. त्यांचा व्यापार वाढला, ते समुद्रापार अमेरिकेतल्या दुकानांत पोचले. काच देखणी, यात वाद नाही. पण तिला वास नाही. आता कितीतरी घरांत झाडही प्लास्टिकचं, गोळेही प्लास्टिकचे, आणि पाइनचा वास डब्यातून फवारलेला! जो वास वस्तूत मुळातच असू शकतो, तो वरून का मारायचा, हे आम्हाला खरंच कळत नाही.

(संत्रं. लवंग सालीत शिरते. सालीतल्या तेलाचा बारीक फवारा उडतो.)

हा फवारा पुन्हा बघा. संत्र्याच्या सालीत तेलाचे इवलेसे कोश असतात, त्यातला एक फुटला. लवंग म्हणजे न उमललेली, वाळवलेली कळी. युजेनॉल या तेलामुळे ती झणझणते, आणि बुरशीला आवर घालायलाही हेच तेल कामी येतं. नुसत्या अंगठ्याने लवंगा टोचत बसलात तर बोट सोलवटेल. आधी दाभणाने भोकं पाडून घ्यावीत. दोन लवंगांमध्ये किंचित जागा सोडायची, फळ सुकून लहान होणार असतं. मधोमध फितीसाठी कोरी पट्टी ठेवायची.

सुगंधी संत्र्यालाही जुना इतिहास आहे. सोळाव्या शतकातले इंग्लंडचे कार्डिनल, म्हणजे चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू, वुल्झी गर्दीत जाताना पोखरलेलं संत्रं हाती धरत. त्याच्या आत सिरक्यात भिजवलेला स्पंजाचा तुकडा असे. दुर्गंधीतून रोग पसरतात, अशी तेव्हा समजूत होती. समजूत चुकली, संत्रं मात्र टिकलं.

(वाडग्यात मसाल्यात घोळवलेली संत्री.)

टोचून झाली, की ही संत्री दालचिनी, लवंग आणि जायफळ यांच्या पुडीत घोळवतात. आयरिस या फुलझाडाच्या मुळांची पूड मिळाली तर तीही घालतात, तिच्यामुळे वास लवकर उडत नाही. कोरड्या, उबदार जागी वाडगं ठेवून रोज एकेक संत्रं फिरवत राहायचं. तीन-चार आठवड्यांत फळ टणक आणि हलकं होतं. डावीकडचं ताजं, उजवीकडचं वाळलेलं. फरक दिसतोच आहे.

ताऱ्यांचं काम त्यामानाने झटपट. सुमारे ९५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये दोन-अडीच तास, मध्ये एकदा उलटवून. नाहीतर जाळीवर काही दिवस, हवेशीर जागी.

हे तारे खायचे नाहीत. पूड चाळताना नाकातोंडात जाऊ देऊ नका, आणि लटकनं लहान मुलांच्या व पाळीव प्राण्यांच्या तोंडी लागणार नाहीत अशी उंच टांगा.

(झाड. संगीत. निवेदन नाही.)

सण झाला की तारे कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे, ओल लागता कामा नये. पुढच्या वर्षी वास मंद वाटला तर बारीक पॉलिश पेपरने मागची बाजू हलकेच घासा. आतली दालचिनी उघडी पडते आणि पुन्हा दरवळू लागते.

(शेवटची पाटी: दालचिनी १ वाटी, सफरचंदाचा घट्ट गर पाऊण वाटी, जाडी ६ मिलिमीटर.)