तलावाच्या पाळीच्या आतले पाणी

उजाडायला अजून अवकाश आहे. एक ढीवर आपला डोंगा पाण्यात लोटतो आणि रात्री लावून ठेवलेल्या जाळ्याची खूण अंधारातच अचूक गाठतो. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा एक मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने धानाच्या बांध्यांसाठी, म्हणजे भातखाचरांसाठी, असे तलाव बांधले. मासोळी मात्र पिढ्यान्‌पिढ्या ढिवरांच्या हातची राहिली. 1950च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांची जमीनदारी, संपली, तलाव सरकारकडे गेले आणि मासेमारीचा हक्क आता सहकारी संस्थांना ठेक्याने मिळतो.

संस्थेची भिस्त असते कटला, रोहू आणि मृगळ यांच्यावर. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, त्यामुळे एकाच पाण्यात तिघांचेही भागते. अडचण इतकीच, की वाहत्या नदीचे हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. 1957 साली ओडिशात माशाच्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचे प्रजनन घडवण्यात यश आले, आणि तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांत मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले, तयार करून, बोटाएवढी बोटुकली होईपर्यंत वाढवून, ती तलावात सोडण्याची रीत देशभर रुळली. म्हणजे दरवर्षी बीज विकत घेणे आले.

मरळ या गावठी मासोळीला यातले काहीच लागत नाही. ती काठच्या वनस्पतींत घरटे करते, आणि पिल्ले बाहेर पडली की त्यांचा तांबूस पुंजका पाण्यावर हलताना दिसतो. त्याच्या खालीच आईबाप राखण करीत असतात. जाणता ढीवर तिथे गळ टाकत नाही. पहिल्या मोठ्या पावसात सांडव्याचे पाणी बांध्यांतून वाहू लागले, की इतर गावठी मासेही प्रवाहाविरुद्ध वर चढतात. या चढणीच्या माशांवर गावोगाव झुंबड उडते, आणि पोटात अंडी असलेली मादी कालवणात जाते, हे स्पष्टच सांगायला हवे.

त्याहून मोठे नुकसान बेशरम नावाच्या झुडपाने केले. त्याने काठ व्यापले, तशा गावठी माशांना आसरा देणाऱ्या पाणवनस्पती हटत गेल्या. या तालुक्यातल्या काही गावांत ढीवर स्त्री-पुरुषांनी चिखलात उतरून बेशरम मुळासकट उपटली आणि दुसऱ्या तलावांतून आणलेल्या देशी वनस्पती उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर, तळात रोवल्या. बोटुकली विकत मिळते. असा काठ कुठल्याही केंद्रात मिळत नाही.

आता फटफटले आहे. जाळ्यात चार रोहू आणि एक कटला आहे, आणि काठाच्या गळाला हातभर लांबीची मरळ लागली आहे. तिला हवेतही श्वास घेता येतो. म्हणून घरची बाई तिला ओल्या पोत्यात गुंडाळते आणि टोपली डोक्यावर घेऊन निघते; जिवंत मरळीला बाजारात भाव जास्त मिळतो.