बांबूचा त्रिकोण आणि ओळंबा

नमस्कार. टेबलावर दोन बांबू, एक आडवी पट्टी, सुतळी आणि एक दगड ठेवलाय. भूमितीच्या व्याख्यानाला हे सामान कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. पाणलोटाच्या कामात उतारावर सलग समतल चर आखायला जी ‘ए फ्रेम’ वापरतात, ती एवढ्याच सामानातून तयार होते. ही फ्रेम म्हणजे समद्विभुज त्रिकोण. आज तिचीच मापं काढू.

दोन्ही बांबू २०० सेंटीमीटरचे. वरची टोकं एकत्र बांधली, खालची २४० सेंटीमीटर फाकवली. माथा जमिनीपासून किती उंच? माथ्यावरून लंब टाका. बाजू सारख्या आहेत, म्हणून तो पायाच्या बरोबर मध्यावर पडतो आणि एकसारखे दोन काटकोन त्रिकोण होतात. त्यातला एकच घ्या. कर्ण २००, खालची बाजू १२०. चाळीस हजारांतून चौदा हजार चारशे गेले, उरले पंचवीस हजार सहाशे. त्याचं वर्गमूळ १६०. माथा १६० सेंटीमीटरवर आहे.

मुलं इथे पाया अर्धा करायला विसरतात. आपल्या फ्रेमच्या बाबतीत ती चूक लगेच पकडली जाते, कारण २४० चा वर्ग २०० च्या वर्गापेक्षा मोठा, वजाबाकीच अडते. पण समजा पाया १६० असता. अर्धा न करता गणित केलं तर उंची १२० येते, अगदी नीटनेटकी, वर्गमूळही पूर्ण सुटतं! खरं उत्तर मात्र १८३ च्या आसपास आहे. म्हणून उत्तर सुबक आलं की मी मुलांना आधी आकृती काढायला लावते.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त, ११५० साली, त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचा नियम दिला तो ‘लंबगुणं भूम्यर्धम्’ असा. लंबाने गुणलेला अर्धा पाया. पायाला त्यांचा शब्द ‘भूमी’. आपल्या फ्रेमचा पाया तर खरोखरच भूमी आहे, तिथे तिसरा बांबू नाहीच! १२० गुणिले १६०, म्हणजे १९,२०० चौरस सेंटीमीटर. कोनही सांगून टाकते: पायाशी सुमारे ५३ अंशांचे दोन, माथ्याशी ७४ चा एक.

आता आडवी पट्टी. ती दोन्ही बांबूंच्या मध्यावर बांधू, माथ्यापासून १०० सेंटीमीटरवर. वरच्या छोट्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू मोठ्याच्या निम्मी झाली. तेव्हा पट्टीचा बांबूंमधला भाग १२० सेंटीमीटर आणि ती माथ्यापासून सरळ खाली ८० सेंटीमीटरवर. पट्टीच्या मध्यावर खूण करायची आणि माथ्याला सुतळीने दगड टांगायचा, पट्टीच्या जरा खाली लोंबेल इतका. हा आपला ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का ते ज्याने बघतो, तोच. दोन्ही पाय एका पातळीत असले की सुतळी खुणेवर येते. मग पाय टेकले तिथे फक्की टाकायची, एक पाय जागेवर ठेवून फ्रेम फिरवायची, पुढची जागा शोधायची. अशी जी रेघ निघते ती समपातळी रेषा, तिच्यावर चर खणला की पाणी एका टोकाला धावत नाही, जिथल्या तिथे मुरतं.

सुतळी खुणेपासून एक सेंटीमीटर सरकली तर? पट्टीवर ८० ला १, म्हणजे जमिनीवर २४० ला ३. एका पायाखालची जमीन दुसऱ्यापेक्षा तीन सेंटीमीटर खाली आहे. मला या गणिताचा फार आनंद होतो. हातभर पट्टीवर एका बोटाची रुंदीही न सरकलेली सुतळी पायाखालच्या जमिनीचं माप सांगते.

पण हे सगळं बांबू सारखे असतील तरच. रानात कोयत्याने तोडलेले बांबू कुठले नेमके सारखे! खालची टोकं दगडांवर घासून झिजतातही. यावर जी युक्ती आहे, ती मला त्रिकोणापेक्षाही सुंदर वाटते. मध्य मोजून खूण करायचीच नाही. दोन खुंट्या ठोका, कितीही उंचसखल चालतील. फ्रेम त्यांवर उभी करा, सुतळी जिथे येते तिथे पट्टीवर खूण. मग फ्रेम उलटी फिरवा, डावा पाय उजव्या खुंटीवर, उजवा डाव्या. पुन्हा खूण. या दोन खुणांचा मध्य, ती खरी समपातळीची खूण. कारण जमिनीचा कल फ्रेम फिरवल्यावर पट्टीवर उलट्या बाजूला दिसतो, बांबूंचा फरक मात्र फ्रेमबरोबरच फिरतो, त्याच बाजूला राहतो. मध्य काढला की जमिनीचा कल कटतो, आणि फ्रेमचा दोष त्या खुणेतच सामावून जातो.

अंगणात दोन खुंट्या ठोकून ठेवल्या आहेत, मुद्दाम एक उंच, एक ठेंगणी. चौघांनी पुढे या, बांबू उचला. सुतळी मी बांधते.