विहिरीत टाकलेला खडा

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस पडला की दुष्काळ सरला, असं आपण म्हणून मोकळे होतो. पण विहिरीला विचारा, ती काही इतक्यात हो म्हणत नाही.

लातूरचं 2016 साल आठवतंय ना? 12 एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. मांजरेकाठची माणसं कृष्णेचं पाणी प्यायली, कारण धनेगावच्या मांजरा धरणात उपसायला काही उरलं नव्हतं.

माझ्या मामांचं शिवार त्याच मांजरेच्या काठी. विहीर सात परस, म्हणजे सात माणसं एकावर एक उभी राहतील इतकी खोल, दगडात बांधलेली. दोन वर्षं ठणठणीत कोरडी. मृगात पाऊस आला, तसे मामा रोज जेवणानंतर विहिरीवर जायला लागले. मी तिथं असले की मीही मागोमाग. मामा वाकून बघायचे नाहीत. बोराएवढा खडा टाकायचे आणि कान द्यायचे.

खण्ण. खडकावर खडा.

“अजून रानच पितंय,” म्हणायचे आणि माघारी वळायचे.

आषाढ गेला. खण्ण. श्रावणात बांधावर गुडघाभर गवत, वाटेवर चिखल, आणि विहिरीत? खण्ण. पोळ्याला बैल टँकरच्या पाण्यानं धुतले. मामी त्या दिवशी कुणाशी बोलल्या नाहीत. सप्टेंबरच्या शेवटी मात्र पावसानं झोडपून काढलं. उघडीप पडली त्या रात्री मामांनी खडा टाकला. चप्प! गाळात रुतल्याचा आवाज. मामांनी दुसरा टाकलाच नाही. घरी येऊन एवढंच म्हणाले, “ओल आली गं.”

आठवड्यानं मामी स्वतः आल्या, पदरात खडे घेऊन. डुबुक! मग दुसरा, तिसरा, चौथा. पदर रिकामा होईपर्यंत टाकत राहिल्या. मामा बाजूला उभे होते, काही न बोलता.

असं का होतं? काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिला पाऊस त्या भेगांचाच. मग मुरूम भिजतो, मग खडकाच्या सांध्यांतून विहिरीला पाझर फुटतो, आणि तोच पाझर नदीलाही मिळतो. पूर वेगळा, तो येतो नि जातो. पूर ओसरल्यावर हिवाळ्यात जी धार टिकते ती पाझराची. पुन्हा सांगते: आधी माती, मग विहीर, मग नदीची धार.

धरणाचंही तसंच. पाणी आलं तरी बातम्यांत साठा शून्य टक्के, कारण आधी मृतसाठा, म्हणजे धरणाच्या दारांखालचं, सोडता न येणारं तळाचं पाणी, भरावा लागतो. आणि बोअर? शेजारचं सातशे फुटांचं बोअर त्या दिवाळीतही कोरडंच होतं. इतक्या खोल पाणी पोचायला फार दिवस लागतात. म्हणून म्हणते, बोअरमागे धावू नका, आणि नदीतली वाळू उपसू देऊ नका. पाणी धरून ठेवते ती वाळूच. घागरही तांब्याची ठेवा. प्लास्टिकच्या घागरीत पाणी पडल्याचा नाद येत नाही, आणि तो नाद घरात हवा.

मांजरा धरण त्याच पावसात भरलं. पुढच्या चैत्रात मी गेले, तेव्हा मामांनी खडा माझ्या हातात दिला.

डुबुक.

नमस्कार.