प्लेटलेट कमी म्हणजे डेंग्यूच, असं नाही

पावसाळा सरत आला की मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत तापाची लेकरं रांगेनं येतात. पोट दुखतंय, उलट्या होतायत, प्लेटलेट लाखाच्या खाली. कागदावर डेंग्यू लिहायचा आणि सलाईन लावायचं. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. आज बोलायचंय ते उरलेल्या लेकरांबद्दल. कोविड होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी प्रतिकारशक्ती भडकते आणि लेकराच्या अनेक अवयवांना सूज येते, तो एमआयएस-सी. 2020 च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमध्ये तो पहिल्यांदा लक्षात आला. आता दुर्मीळ झालाय, म्हणूनच नजरेतून सुटतो.

ओळखायचा कसा? डेंग्यूचं लेकरू बहुधा ताप उतरताना शॉकमध्ये जातं (रक्तदाब ढासळतो), हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, चढतं. इथं ताप चालूच असतो, हिमॅटोक्रिट सहसा चढत नाही आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) मात्र भलतंच वाढलेलं. डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ लाल, अंगावर पुरळ, लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कमी, सोडियम कमी. पोट इतकं दुखतं की अपेंडिक्स समजून सर्जनकडं पाठवलं जातं. घरात महिनाभरापूर्वी कुणाला सर्दी-ताप होता का, हे आजीला विचारा. आई-बाप कामाच्या गडबडीत विसरतात. कोविडच्या अँटीबॉडी तपासणीत पैसे घालवू नका, ती आता जवळपास सगळ्यांचीच पॉझिटिव्ह येते. काख, जांघ, कानामागं काळी खपली मात्र शोधा. ती स्क्रब टायफसची, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाची खूण. तो असेल तर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक लागतं.

खरी चूक सलाईनमध्ये होते. या आजारात हृदयाचा स्नायू कमजोर पडलेला असतो. सहा वर्षांचं, 18 किलोचं लेकरू धरा. सिस्टोलिक बीपी 82 च्या खाली गेलं तर 10 मिली प्रति किलो, म्हणजे 180 मिली नॉर्मल सलाईन द्या आणि थांबा. यकृत हाताला मोठं लागतंय का, छातीत घरघर आहे का, बघा. असेल तर दुसरा बोलस (एकदम दिलेलं सलाईन) नाही, हृदयाला जोर देणारं ॲड्रेनलिन. 0.54 मिग्रॅ ॲड्रेनलिन सलाईननं 50 मिली करा. तासाला 5 मिली म्हणजे 0.05 मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. चांगल्या मोठ्या शिरेतून तात्पुरतं चालतं, सुईची जागा मात्र बघत राहा. ब्लड कल्चर घेऊन सेफ्ट्रायॅक्झोन हे अँटिबायोटिकही द्या, कारण सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) पहिल्या तासात नाकारता येत नाही.

भडकलेली प्रतिकारशक्ती शांत करायला इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी) किलोला 2 ग्रॅम, म्हणजे 36 ग्रॅम. पाच टक्क्यांच्या बाटल्यांतून ते 720 मिली होतं! ते ॲम्ब्युलन्समध्ये सुरू करू नका. इको (हृदयाची सोनोग्राफी) होईल तिथंच, बारा-सोळा तासांत, हृदय कमजोर असेल तर दोन दिवसांत विभागून. सोबत मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किलोला 1 ते 2 मिग्रॅ रोज. पण साध्या तापाला स्टेरॉइड टोचायची सवय इथं घातक ठरते, निदानच झाकलं जातं. ॲस्पिरिन किलोला 3 ते 5 मिग्रॅ, प्लेटलेट 80 हजारांखाली असतील तर नाही.

बीड-परभणीकडून घाटीला (छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) पाठवताना चिठ्ठीवर किती मिली सलाईन गेलं, हे वेळेसह लिहा. घरी सोडताना लसीच्या कार्डावर नोंद करा: इम्युनोग्लोब्युलिन दिल्याची तारीख, एमआर (गोवर-रुबेला) लस 11 महिन्यांनंतर.